विमलबाईंचं पोट फिरलं तेव्हा

पाव फेरा

दहिवलीत कुणाची बेंबी सरकली की विमलबाई पोट चोळून ती जागेवर बसवतात. चाळीस वर्षं. आज सकाळपासून त्यांचंच पोट दुखतंय. वय सत्याहत्तर.

"नम्रता, तेल आन. तूच चोळ."

सुनेने पोटावर हात ठेवला. उचलला.

अर्धा फेरा

"चोळ ना गं!"

"नाय चोळणार."

"सासूवर सूड उगवतेस?"

"आई, पोट ढोलासारखं झालंय. सारखी ओकारी येते, बाहेर थेंब पडत नाय. असं कुणी आलं तर तुमी काय करता?"

विमलबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला.

"सांगा ना."

"हाकलते. दवाखान्यात."

"मग उठा."

"ती लोकांची पोटं! माझं मला कळतं."

नम्रताने नवऱ्याला, किरणला, हाक मारली. "अहो, टेंपो काढा. आई शिव्या देतील, ऐकू नका."

पाऊण फेरा

खालापूरच्या वाटेवर दर खड्ड्याला किरणला एक शिवी.

मग खड्डा, पण शिवी नाही.

किरण घाबरला तो तेव्हा.

हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, ती जठरात उतरेना. स्कॅन केला. जठर स्वतःभोवती पिळलेलं, अर्धं वर छातीत शिरलेलं.

"आत्ताच ऑपरेशन," सर्जन झिनत म्हणाल्या. "जठर काळं पडलं असेल तर कापावं लागेल. या वयात मग मी शब्द देत नाही."

किरणने सही केली. स्वतःचं आडनाव अर्धंच लिहिलं.

उलटा फेरा

पोट उघडलं. जठर जांभळं.

झिनतनी आतली हवा काढली. दोन्ही हातांनी जठर खाली ओढलं, हळूहळू मागे फिरवलं. मग हात थांबले. रक्त परत येतंय का, एवढंच बघायचं होतं.

जांभळं.

जांभळं.

जां

गुलाबी!

"गुलाबी!" झिनत मास्कमधून ओरडल्याच. जठर पुन्हा फिरू नये म्हणून त्यांनी ते पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधलं.

सरळ

"कुठल्या अंगाला फिरवलंस?" शुद्धीवर आलेल्या विमलबाईंनी विचारलं.

झिनतनी हवेत हात फिरवून दाखवलं.

"हात इकडं कर." विमलबाईंनी डॉक्टरीणबाईंची बोटं एकेक दाबून पाहिली. "बरी हायत. आणि हिचीबी." त्यांनी हनुवटीने सून दाखवली. "कधी हात लावायचा नाय, ते हिला कळलं."

नम्रता खिडकीकडे बघायला लागली.

पाचव्या दिवशी पहिली वाटीभर पेज. घोट गेला. किरण, नम्रता, नर्स, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळे विमलबाईंच्या तोंडाकडे बघत बसले. दुसरा घोट. तिसरा. सगळं आत राहिलं.

"मीठ नाय गं यात," विमलबाई म्हणाल्या. "आनखी आन."