चाकातून वाहिलेलं रक्त

द्वारका चौकाच्या मागे ट्रक धुवायची एक जागा आहे. त्या शनिवारी तिथं एका गाडीच्या चाकातून रक्त वाहत होतं आणि भोवतीची गर्दी हात जोडून ते बघत होती.

रक्त काढणाऱ्याचं नाव चक्रस्वामी. चार टायर एकमेकांवर रचून, वर लाल मखमल टाकून त्यानं आसन केलं होतं. शेजारी मातीत रोवलेला लोखंडी त्रिशूळ, हातात झाडांना पाणी मारायचा फवारा, आणि फवाऱ्यात ‘शनितीर्थ’.

"लोखंड कुणाचं?" स्वामी गरजला.

"शनीचं!" गर्दी म्हणाली.

"चाक कशाचं?"

"लोखंडाचं!"

"मग चाकात कोण बसलाय?"

"शनी!"

"हे चाक ॲल्युमिनियमचं आहे," माझ्या शेजारून बारीक आवाज आला. ती माझी बायको, प्रतिभा. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे लग्न झाल्यापासून कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटून घ्यायची मला सवड मिळालेली नाही. दुधाला मूर्तीनं तोंड लावलं, की ही पृष्ठताण समजावून सांगते.

आम्ही तिथं गेलो होतो ते गोरक्षमुळे. गोरक्ष आमचा शेजारी. मखमलाबादकडं त्याची गुलाबाची शेती, रोज पहाटे फुलं घेऊन बाजारात जाणारा कष्टाळू माणूस. त्यानं जुनी गाडी घेतली आणि तिच्या पुढच्या डाव्या चाकानं त्याचा जीव खाल्ला. बाकीची तीन चाकं धुतली की चकचकीत, हे एक मात्र काळं ते काळंच. साबण झाला, लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली. त्याच्या बायकोचा, सिंधुबाईचा, दात घासायचा ब्रशसुद्धा त्या कामी आला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. कसंबसं उजळलं, तरी आठवड्यात पुन्हा काजळी. त्यात गाडी चालवताना डावीकडं ओढायची आणि ब्रेक दाबला की करकर वाजायची.

"गॅरेजला दाखव," मी म्हणालो होतो. रविवारी त्यांना सप्तशृंगीच्या गडावर जायचं होतं. मुलगी वैष्णवी बाळंतपणाला आलेली, नातू पहिल्यांदाच देवीच्या पायावर घालायचा होता. गोरक्ष गॅरेजला जाणारही होता. तेवढ्यात बाजारात कुणीतरी चक्रस्वामीचं नाव त्याच्या कानावर घातलं आणि तो घरच्यांसकट आम्हालाही तिथं घेऊन आला.

आता त्याच्या गाडीचा नंबर आला. स्वामीनं काळ्या चाकाकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"बापरे! या गाडीवर पूर्वी कुणी मेलंय का?"

"जुनी घेतलीय महाराज. आपल्याला काय म्हाईत?" गोरक्ष म्हणाला.

"घाटात वाट बघतोय तो. उद्याच."

सिंधुबाईनं पदर तोंडाला लावला. गडाची गोष्ट स्वामीला कशी कळली, असं मला वाटलं खरं. मग आठवलं, रांगेत उभं असताना गोरक्षनंच स्वामीच्या शिष्याला सगळी कर्मकहाणी ऐकवली होती.

स्वामीनं फवारा मारला. आधी काहीच झालं नाही. मग चाकाच्या खाचांतून जांभळट लाल ओघळ फुटले, दाट झाले आणि टपटप जमिनीवर पडू लागले. खरं सांगतो, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. गर्दीतून "हाऽऽ" असा आवाज उठला. शिष्यानं पाण्याचा पाइप सोडला आणि काजळी वाहून गेली. चाक लग्नातल्या ताटासारखं लखलखलं.

"गेला!" स्वामी म्हणाला. "आता अमावस्येपर्यंत या चाकाला मिस्तरीचा हात लावायचा नाही. लावला तर तो परत येईल."

"नाय लावत महाराज! देवाशपथ नाय लावत!" गोरक्षनं लोटांगण घातलं.

तेवढ्यात सिंधुबाईनं जमिनीवरच्या त्या लाल पाण्यात बोट बुडवलं आणि वैष्णवीच्या हातातल्या बाळाच्या कपाळाकडं नेलं.

"थांबा!" प्रतिभानं तिचं मनगट धरलं. "आधी हात धुवा, सिंधुताई. साबणानं. बाळाच्या डोळ्यात गेलं असतं म्हणजे?"

"अहो वहिनी, तीर्थ हाय ते!"

"त्याचा वास घेऊन बघा."

सिंधुबाईनं बोट हुंगलं आणि नाक मुरडलं. "अंडं नासल्यावानी येतंय."

"आई, पार्लरमध्ये केस सरळ करायला लावतात ना," वैष्णवी म्हणाली, "तस्साच वास."

"शाबास," प्रतिभा म्हणाली. "जवळजवळ तेच आहे."

स्वामी आसनावरून उठला. "बाई, विज्ञान जिथं संपतं..."

"ते संपेल तेव्हा बघू. गोरक्षभाऊ, तुम्ही घेतलेली तीर्थाची बाटली द्या जरा."

तिनं आधी गाडीच्या दारावर थेंब टाकले. काही नाही. मग काचेवर. काही नाही.

"पीडा चाकातच असते!" स्वामी विजयी मुद्रेनं म्हणाला.

फाटकाशी रंगूबाई कणसं भाजत बसली होती. तिच्याजवळ एक रिकामं, गंजलेलं घमेलं पडलं होतं. प्रतिभानं ते मागून घेतलं आणि गंजावर बाटली शिंपडली. थोड्या वेळानं घमेल्यातून जांभळं-लाल रक्त ओघळू लागलं.

गर्दी घमेल्याकडं बघू लागली. स्वामीही बघू लागला. पण माणूस धंद्यात मुरलेला होता.

"या बाईच्या घमेल्यावरही अपघातयोग आहे!"

"माझ्या घमेल्याला कसला अपघात रं, मुडद्या?" रंगूबाई कडाडली. "ते काय समृद्धी महामार्गावरनं जातंय का?"

हसण्याचा पहिला फवारा तेव्हा उडाला. प्रतिभा मात्र हसली नाही. ती शांतपणे टायरच्या आसनापाशी गेली आणि उरलेलं तीर्थ त्रिशूळाच्या गंजक्या बुडाशी ओतलं. सगळे माना पुढं काढून बघू लागले. त्रिशूळालाही रक्त फुटलं.

"महाराज," एक रिक्षावाला म्हणाला, "शनी तर तुमच्याच घरी मुक्कामाला हाय की!"

मग जे हसू उसळलं ते थांबेना. दोघे-तिघे बाह्या सरसावून पुढं झाले, तेव्हा प्रतिभा आडवी आली. "अंगाला हात लावायचा नाही. पोलीस आहेत, कायदा आहे. यांनी फक्त एवढंच सांगावं, हे औषध मिळतं कुठं?"

स्वामीनं गर्दीचा अंदाज घेतला. त्याचा नूर उतरला. "गाडी धुण्याच्या सामानाच्या दुकानात," तो पुटपुटला. "मी पहिलं सुरतेला गाड्याच धुवायचो."

प्रतिभा वर्गात बोलते तशी सगळ्यांकडं वळली. "ब्रेक दाबला की चाकामागची लोखंडी तबकडी आणि तिला धरणारे पॅड एकमेकांवर घासतात. त्यातून लोखंडाची बारीक, तापलेली पूड उडते आणि चाकावर घट्ट बसते. साध्या साबणाला ती दाद देत नाही. या औषधाचा लोखंडाशी संयोग झाला की रंग असा लाल-जांभळा होतो आणि पूड सुटते. औषध चांगलं आहे. हातमोजे घालून वापरायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. कपाळाला लावायचं नाही."

"मंग माझं एकच चाक का काळं व्हतं?" गोरक्षनं विचारलं.

"हा खरा प्रश्न. याचं उत्तर बाटलीत नाही, चाकाच्या आत आहे. उद्या घाट उतरायचाय ना?"

गोरक्षनं स्वामीकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, मग नातवाकडं बघितलं. "पन देवाची शपथ घेतली ना, वहिनी."

"ती मी मोडते," सिंधुबाई म्हणाली. "पाप लागलं तर मला लागंल. चला गॅरेजला."

गॅरेजवाल्यानं चाक उतरवलं. डाव्या बाजूचा ब्रेक अडकून बसला होता. पाय उचलला तरी पॅड सुटायचाच नाही, दिवसभर घासत राहायचा. काजळी त्याची, ओढ त्याची. पॅडचा मसाला पार संपून नुसती पत्र्याची पट्टी तबकडीवर करकरत होती. त्यानं ब्रेक मोकळा केला, नवा पॅड बसवला आणि ती पट्टी गोरक्षच्या हातात ठेवली. गोरक्ष तिथंच पायरीवर बसला.

रविवारी ते गडावर गेले. संध्याकाळी उतरताना एका वळणावर समोरून एसटी अंगावर आली. गोरक्षनं ब्रेक दाबला आणि गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

"आईनंच वाचवलं गं बाई," सिंधुबाईनं गडाकडं हात जोडले.

"वाचवलंच," गोरक्ष म्हणाला. "पन आदल्या दिवशी आपुन पॅड बदलला व्हता, ते बी तिला ठावं असंल."

त्यानं हे मला सांगितलं तेव्हा तो हसत होता. "शनिवारी स्वामीनं मला फसवलं नाय," तो म्हणाला, "मलाच फसायचं व्हतं. चाक धुऊन निघालं म्हणजे दोष धुऊन निघाला, असं मानणं गॅरेजला जाण्यापेक्षा सोपं व्हतं."

म्हणून एवढंच सांगणं आहे. देवाला हात जोडायचे त्यांनी खुशाल जोडावेत. पण डोळ्यांसमोर नवल घडलं की तेच घमेल्यावर घडतं का, ते एकदा करून बघावं. आणि चार चाकांतलं एकच चाक पुन्हा पुन्हा काळं पडत असेल, तर ते कुणाच्या पापानं पडतं हे विचारत बसू नये. ते चाक उतरवून आत बघावं.