मंडळाचा अँप्लिफायर

"तुझ्या पोरीने अँपची वाट लावली!" दिवाळीच्या कार्यक्रमात मी भर हॉलमध्ये परीक्षितला सुनावलं, आणि मला काडीचंही वाईट वाटलं नाही. कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या मराठी मंडळाचा तो अँप्लिफायर मी पंचाहत्तर साली आणला, बत्तीस वर्षं मीच सांभाळला. त्यावर या नऊ वर्षांच्या ऊर्मीने पॉपचा, म्हणजे कोल्ड्रिंकचा, कॅन ठेवला! दहा मिनिटांत डावीकडचा आवाज बंद. मी तिच्यावर असा काही ओरडलो की ती गाणं न म्हणताच गाडीत जाऊन बसली. मराठी शाळेतही यायची थांबली.

मग एका शनिवारी परीक्षित माझ्या बेसमेंटमध्ये येऊन उभा राहिला. कोटसुद्धा काढला नाही.

"उल्हासकाका, माझ्यासमोर उघडा. आत पॉप सापडलं तर ऊर्मी सगळ्यांसमोर सॉरी म्हणेल. नाही सापडलं तर तुम्ही म्हणायचं. त्याच हॉलमध्ये, तिला."

"म्हणेन की! तू कॉम्प्युटरची बटणं दाबणारा. सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलंयस?"

"नाही. पण मला डोळे आहेत."

चढेल लेकाचा! मी स्क्रू काढले. पॉवर सप्लाय ठीक होता. डावा आवाज प्रीअँपच्या बोर्डापर्यंत येत होता आणि तिथे गायब होत होता. मीटर लावून पाहिलं, तर बोर्डावरची तांब्याची एक रेघ तुटलेली. बोर्ड दिव्याखाली धरला.

"हा बघ डाग! पॉपच आहे!"

मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डाग लाल होता, कडेला पिवळा. त्यात तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

दर दसऱ्याला मी माझा मीटर, आयर्न आणि हा अँप पुजतो. फुलाने पाणी शिंपडतो, हळदकुंकू वाहतो, अक्षता टाकतो. झाकणाला हवेसाठी भोकं आहेत, हे मला, एवढ्या मोठ्या इंजिनिअरला, बत्तीस वर्षांत सुचलं नाही! थरावर थर साचले, तांबं हिरवं पडलं आणि शेवटी तुटलं.

परीक्षित वाकून दाणा बघत होता.

"पॉपमध्ये तांदूळ घालतात का हो, काका?"

"गप्प बस!"

मला भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला रागच येतो. मी बोर्ड ब्रशने घासला, तुटलेल्या रेघेवर तार जोडली. दोन्ही बाजू खणखणीत वाजल्या. तो निघून गेला.

रविवारी मंडळाची सगळी माणसं जमली असताना परीक्षित ऊर्मीला घेऊन हॉलमध्ये आला. मी माईक हातात घेतला.

"ऊर्मी, अँप माझ्यामुळे बिघडला होता. तू काहीही केलं नव्हतंस. मी उगाच ओरडलो. सॉरी."

एकानेही टाळी वाजवली नाही.

"आय टोल्ड यू," ती म्हणाली. "द कॅन वॉज एम्प्टी."

खरंच, त्या दिवशीही ती रडत रडत हेच सांगत होती. मी तिला बोलूच दिलं नव्हतं. मी गुडघे टेकून खाली बसलो आणि माईक तिच्यापुढे धरला.

"तुझं राहिलेलं गाणं म्हणतेस, बाळ?"

"नो," ती म्हणाली.

माईक चालू होता. दोन्ही स्पीकरमधून सगळ्या हॉलला स्वच्छ ऐकू गेलं.