माळावर काहीच नाही

अमृता दीड वर्षांची होत आली, तरी भिंत सोडत नव्हती.

पडवीतल्या भिंतीला एक हात टेकवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तुरुतुरु चालायची. भिंत संपली की थांबायची, आईकडे बघायची आणि ओठ काढून रडायला लागायची. पडवीपुढे अंगण होतं, पण अंगणाला चारी बाजूंनी लोखंडी जाळी. जाळीपलीकडे ऊस. आणि उसात वाघ! बिबट्याला इकडे सगळे वाघच म्हणतात. नारायणगावपासून थोडं आत असलेल्या या गावात शेळ्या जाळीत असतात, कोंबड्या जाळीत असतात आणि लेकरंही जाळीत असतात. आता त्याचं कुणाला नवलही वाटत नाही. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना जाळीला धरून बाहेर बघणाऱ्या बाळाचा चेहरा वेगळा सांगायला नको.

म्हणून अमृताची आई प्रज्ञा रोज दुपार कलली की लेकीला कडेवर घेऊन माळावर जायची.

माळ म्हणजे गावाच्या मधोमध उरलेलं गायरान. चहूकडे डोक्याहून उंच ऊस आणि मध्ये हा गवताचा उघडा तुकडा. कुठूनही काही आलं तरी लांबूनच दिसायचं, म्हणून बाया तिथे पोरं मोकळी सोडून निर्धास्त बसायच्या. धनगरवाड्यातल्या तुकाबाईची मेंढरं तिथेच चरायची. शाळा सुटली की क्रिकेट रंगायचं. उन्हाळ्यात कुरडया वाळायच्या, लग्नाचे मांडव पडायचे, चौदा एप्रिलची मिरवणूक तिथूनच निघायची. बाकीच्या दिवशी माळावर नुसता वारा असायचा आणि गप्पा मारणारी माणसं.

एके दिवशी प्रज्ञाचे सासरे पोपटराव घाईघाईने घरात आले. ते ग्रामपंचायतीचे मेंबर. अर्धं गाव त्यांच्या शब्दावर हात वर करायचं. हातात चकचकीत कागदाची गुंडाळी होती.

"सूनबाई, ह्ये बघ तरी!"

कागदावर उंच उंच इमारती होत्या. निळा तलाव, कारंजं, हिरवीगार बाग.

"माळाच्या दोन्ही अंगची रानं कंपनीनं घेतली. मधला माळ मिळाला की लई मोठी टाऊनशिप व्हतीया. गावाचा ठराव तेवढा पायजे. बदल्यात आपल्या विहाराला हॉल बांधून देत्यात. पक्का, स्लॅबचा!"

प्रज्ञाने कागद हातात घेतला. विहाराला हॉल हे पोपटरावांचं किती वर्षांचं स्वप्न होतं, ते तिला ठाऊक होतं. पावसाळ्यात विहाराचा पत्रा गळायचा आणि वंदनेला बसलेली माणसं सरकत सरकत एका कोपऱ्यात गोळा व्हायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तीही त्या कोपऱ्यात सरकली होती.

"पण मामा, माळ जाईल ना?" ती हळूच म्हणाली.

"माळावर काय हाय? काईच न्हाई! उगं पडीक."

"मग अमू चालायला कुठं शिकणार?"

"अगं, ही बाग बघ की! झोके, घसरगुंडी. नात माझी हितं राजकन्येगत खेळंल!"

प्रज्ञाने कागद निरखला. बागेत गोरीगोमटी मुलं खेळत होती. सगळ्या चित्राला बाहेरून एक जाड काळी रेघ होती. ती कशाची, ते तिला कळलं नाही.

रात्रपाळीला निघालेल्या नवऱ्याचा, संघर्षचा, चाकणहून फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो वडिलांना आबा म्हणायचा. म्हणाला, "आबांना दुखवू नको, प्रज्ञा. पण गप पण बसू नको."

बोलायला सोपं! दोन्ही एकदम कसं करायचं?

इकडे कंपनीच्या माणसांनी धनगरवाड्याला बिरोबापुढे सभामंडप कबूल केला आणि तरुणांना व्यायामशाळा. काहींना ते पटलं, काहींना नाही. ज्यांना पटलं नाही, त्यांनी मात्र एक भलतीच गोष्ट केली. तुकाबाईचा मुलगा दादाभाऊ पांढरी फक्की घेऊन माळावर आला आणि मेंढरं बसायच्या जागेभोवती त्याने रेघ ओढली.

"एवढं आमचं! हितं कोन हात लावतो तेच बघतो!"

ते बघून बौद्धवस्तीतल्या पोरांनी जयंतीच्या मांडवाची जागा आखली. क्रिकेटवाल्यांनी पीच आखलं. दोन दिवसांत माळ कापायला घेतलेल्या वडीसारखा दिसायला लागला.

"वहिनी, तुमी आमच्या रेघंत बसलाय," दादाभाऊ प्रज्ञाला म्हणाला.

"मग काय आता बसायला तुमचा पास काढू का, भावजी?"

बाया हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. तेवढ्यात मेंढरांमागून तुकाबाई आली. तिने काहीएक न बोलता हातातली काठी रेघेवरून फरफटत नेली. फक्की गवतात मिसळली.

"आये, काय करती!"

"तू काय करतोयस त्ये आधी सांग! कंपनीला माळाचं तुकडंच करायचं व्हतं. त्ये तुमी फुकाट करून दिलं, वर फक्की बी घरची!"

"मग आपली जागा राखायची न्हाई का?"

"आपली कंची रं? माजी मेंढरं हितं बसत्यात तशी तिकडं बी बसत्यात. उद्या तुज्या रेघंपुरतं सोडून बाकी समदं घेतलं, तर चरायला काय तुजी रेघ खायाची व्हय? माळ राखायचा आसंल तर आख्खा राखा. अर्धा माळ म्हंजी माळ नसतोय, बाबांनो!"

पोरं खाली बघायला लागली. दादाभाऊने उरलेल्या फक्कीची पिशवी गुपचूप सायकलला अडकवली.

पण खरी ठिणगी पडली ती चार दिवसांनी. पंचायतीने कंपनीला मोजणीची मुभा दिली होती. माळावर लाल झेंड्या लागल्या, तंबू उभा राहिला आणि निळ्या कपड्यातला एक राखणदार आला. प्रज्ञा रोजच्या जागी अमृताला घेऊन बसली होती. शेजारी तुकाबाई आणि दोघी-तिघी बाया.

"ओ ताई, उठा इथनं!" राखणदार म्हणाला. "साहेब येणार आहेत. इथं बसायचं नाही आता."

नेमके तेव्हाच पोपटराव मोजणीवाल्यांसाठी चहाची किटली घेऊन आले होते. राखणदाराने त्यांना ओळखलं.

"मेंबर, तुमच्या घरच्या आहेत व्हय? मग राहू द्या. ताई, तुम्ही बसा. बाकीच्यांनी उठा."

प्रज्ञा अमृताला उचलून उभी राहिली.

"ह्या उठणार असतील तर मी पण उठते. मेंबरची सून म्हणून मला माळ नको."

पोपटराव किटली धरून तसेच उभे राहिले. तुकाबाई गुडघ्यावर हात देत उठली आणि त्यांच्यापुढे येऊन थांबली.

"पोपटा, तुजी आय जानकाबाई माजी मैतरीण व्हती. गावात पाराच्या कडंला जरी टेकली, तरी कुनीतरी म्हनायचंच, 'ऊठ'. आडावर, 'ऊठ'. एकाच जागी तिला कुनी तसं म्हनत नव्हतं. हितं. म्हून तुला काखंत मारून ती रोज हितं यायची. माज्या मेंढरांत तू पाय धरलास, पोपटा. चालायला शिकलास. आन आज तुज्याच नातीला ह्या माळावर कुनीतरी 'ऊठ' म्हनलं. तुज्यादेखत!"

पोपटरावांनी किटली गवतात ठेवली आणि चहा न देताच ते घरी निघून गेले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

ग्रामसभेचा दिवस जवळ आला. सभा नेहमी पंचायतीच्या हॉलमध्ये व्हायची, दहा-पाच माणसं यायची. प्रज्ञाने सरपंच झुंबरबाईंना गाठलं. "बाई, माळाचा निर्णय माळावरच बसून घेऊ. आम्ही बाया लेकरांसकट येऊ."

झुंबरबाईंचे यजमान नको म्हणत होते, पण बाईंनी त्या दिवशी ऐकलं नाही. "हॉलमधला पंखा तसाबी बंदच हाय," त्या म्हणाल्या. "माळावर वारा तरी हाय!"

आणि माळ भरला! बौद्धवस्ती आली, धनगरवाडा आला, मळ्यातली माणसं आली. कुरडयांचा चीक अर्धवट टाकून बाया आल्या. कंपनीचे साहेब छान बोलले. नोकऱ्या, रस्ते, दिवे, विकास. मग म्हणाले, "आणि मित्रांनो, इथं आज आहे तरी काय? काहीच नाही!"

प्रज्ञा उठली. तिने तो चकचकीत कागद उलगडला.

"साहेब, ही काळी रेघ कशाची आहे?"

साहेबांचा चेहरा खुलला. "उत्तम प्रश्न, ताई! ती आमची खासियत. तुमच्याकडे बिबट्याची भीती आहे ना? म्हणून चारी बाजूंनी उंच भिंत. आमचे रहिवासी शंभर टक्के सुरक्षित!"

"बागेत आमची मुलं येऊ शकतील?"

"बाग रहिवाशांसाठी असते, ताई. गेटवर नियम असतातच."

"आन वाघ?" तुकाबाईने बसल्या जागेवरून विचारलं. "तुमच्या भिंतीला डोकं आपटून माघारी फिरला, की तो कुठं जायाचा? आमच्याच दारात ना?"

इतका वेळ अभिमानाने बोलणारे साहेब हातातले कागद चाळायला लागले.

पोपटराव उभे राहिले. त्यांच्या एका बोटाला धरून अमृता उभी होती. आजोबा म्हणजे तिची दुसरी भिंतच!

"मंडळी, मी चुकलो," ते म्हणाले. "माळावर काईच न्हाई असं मीच म्हनत व्हतो. खरंच हाय त्ये. हितं भिंत न्हाई. गेट न्हाई. ऊठ म्हननारा न्हाई. म्हनूनच तर ह्यो माळ आपला हाय! हॉल मला लई पायजे. पन माज्या आयला बसायला मिळालेली एकुलती एक जागा देऊन मिळनारा हॉल मला नको. आमी वर्गणी काढू. तवर गळक्या पत्र्याखाली सरकून बसू."

"सरकून कशाला, पोपटकाका?" मागून दादाभाऊ ओरडला. "पत्रं आमी येऊन टाकतो की! पावसाच्या आत! तुमी फकस्त चहा पाजा. गेल्या टायमाला किटली इसरून गेला व्हता!"

माळ हसला, टाळ्या कडाडल्या. झुंबरबाईंनी मोठ्याने विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोन?"

पोपटरावांनी हात वर केला. तोच हात, ज्याचं बोट अमृताने धरलं होतं. त्यांच्यामागोमाग प्रज्ञाचा हात, तुकाबाईचा काठीसकट हात, मग सगळ्या माळावर हातच हात! ठराव फेटाळला गेला. साहेबांनी कागद गुंडाळले, लाल झेंड्या निघाल्या आणि मेंढरं तंबूच्या जागेवर जाऊन निवांत बसली.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याही गावात किंवा गल्लीत अशी एखादी मोकळी जागा असेल. तिथे काहीच नाही, असं तुम्हालाही कुणी सांगेल. तेव्हा आपापल्या कोपऱ्याभोवती रेघ ओढू नका. त्या जागेवर एकदा सगळ्यांनी मिळून बसून बघा. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. जिथे कुणालाही यायला कुणाला विचारावं लागत नाही, अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्या सगळ्यांनी मिळून राखल्या तरच राहतात.

आणि अमृता? आजोबांचं बोट अचानक सुटलं, तेव्हा ती गोंधळून उभी राहिली. धरायला काहीच नव्हतं. तिने आईकडे बघितलं. मग एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग पुसट झालेल्या फक्कीच्या रेघेवर धपकन बसली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, पण तिला कुणीही ऊठ म्हणालं नाही.

ती आपली आपणच उठली.