खोलायला दिलेला रेडिओ

मदनसिंगनं रेडिओच्या पाठीचा पुठ्ठा काढला आणि आत फुंकर मारली. मग दोन बोटं आत घालून त्यानं करड्या कागदाचे कुरतडलेले तुकडे बाहेर काढले आणि पुंजाजीच्या तळहातावर ठेवले.

"काका, ह्याच्यात इस्पीकरच नाही राह्यला. कागद पुरा उंदरानं खाल्ला. आतली तारही तुटेल हाये. हे आजचं नाही, लय जुनं हाये."

पुंजाजी हातातल्या तुकड्यांकडे पाहत राहिला. वाशीमच्या स्टेशनमागच्या बोळीत मदनसिंगचं दुकान होतं. जेमतेम एका माणसाला बसता येईल एवढी जागा, भिंतीवर उघडेनागडे रेडिओ आणि मागं एक फाटका पडदा. चैत्राचं दुपारचं ऊन बोळीत उभं होतं. पुंजाजी सकाळच्या पॅसेंजरनं आपल्या गावाहून, जऊळक्याहून आला होता. रेडिओ त्यानं बायकोच्या, दुर्गाबाईच्या जुन्या लुगड्यात बांधून आणला होता आणि सारा रस्ता मांडीवर धरून ठेवला होता, लेकरासारखा.

"मंग त्याच्यातून आवाज यायचा नाही?" त्यानं विचारलं.

मदनसिंग म्हणाला, आवाज येणार कशाचा? वीज लावली की आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तेवढंच. बाकी हा मुका झाला आहे.

पुंजाजीनं मान हलवली. त्याच्या पाठीवरून घामाचा एक थेंब सरकत खाली गेला आणि तो त्याला थंड लागला.

पुंजाजी रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. सारा जन्म रुळाच्या कडेनं चालण्यात गेलेला, आणि रिटायर होऊन आता गावात घर बांधून राहिलेला. तरोड्याला नोकरीवर होता तेव्हा त्यानं हा रेडिओ घेतला, तो लेकीचं गाणं ऐकायला. यशोधरा वाशीमला वसतिगृहात राहून शिकत होती. तिचा गळा गोड. शाळेच्या मुलींना नागपूरच्या आकाशवाणीनं गायला बोलावलं, तेव्हा यशोधरेला एकटीला एक ओवीगीत दिलं होतं. ते दुर्गाबाईच्या माहेरचं, जात्यावरचं. दुर्गाबाईच्या आईनं रचलेलं ते गाणं या मायलेकींशिवाय दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

ते गाणं दुपारी महिलांच्या कार्यक्रमात लागलं. तरोड्याच्या घराच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. पुंजाजी तेवढा नव्हता. तपासणीला साहेबांची ट्रॉली यायची होती आणि गँगला लाइन सोडता येत नव्हती. संध्याकाळी तो आला तेव्हा लोक त्याला गाण्याबद्दल सांगत होते. पुन्हा लागेल तेव्हा ऐकू, असं तो म्हणाला. ते पुन्हा लागलं नाही. पुढच्याच वर्षी यशोधरेचं लग्न झालं, रिसोडकडच्या एका गावातल्या शिक्षकाशी, आणि पहिल्या बाळंतपणात ती गेली. नाल्याला पूर होता, दवाखान्याला निघालेली बैलगाडी अलीकडेच थांबली.

त्यानंतर रेडिओ घरात होता, एवढंच. बातम्या लागत, बाजारभाव लागत. हळूहळू स्टेशनं पुसट झाली आणि मागच्या दिवाळीला पुरती बंद पडली. अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये असलेला मुलगा शेषराव येऊन म्हणाला, जुनं धूड काढून टाका, बाबा, ट्रान्झिस्टर घ्या, मी देतो. पुंजाजीचाही तोच विचार होता. पण दुर्गाबाईनं रेडिओला कोणाला हात लावू दिला नाही.

ती दुपारी तो लावून त्याच्यापुढं बसू लागली. बायांच्या कार्यक्रमाची वेळ तिच्या अंगात मुरलेली होती. काचेमागचा पिवळा दिवा लागे, गुणगुण सुरू होई आणि ती डोकं थोडं कलतं करून ऐकत राही. पुंजाजीला आधी वाटलं, म्हातारपणाची सवय. मग एका दुपारी तो खाटेवर पडला होता. बाहेर ऊन रणरणत होतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. तेव्हा त्यालाही ऐकू आलं.

गाणं नव्हे. कोणीतरी श्वास घेतला. गाणारा माणूस पहिला शब्द उचलण्याआधी जसा छाती भरून घेतो, तसा. एवढंच. मग परत गुणगुण.

तो उठून बसला. दुर्गाबाईनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती ऐकतच होती, पुढचं काहीतरी, जे त्याच्या कानापर्यंत येत नव्हतं.

"यशो हाये," ती संध्याकाळी म्हणाली, जशी पाहुणी आल्याची बातमी सांगावी. "रोज जराजरा पुढं गाते. आज दुसरी ओवी लागली."

पुंजाजीनं त्यानंतर रोज कान देऊन पाहिलं. त्याच्या वाट्याला रोज तो श्वासच येई. आणि दुर्गाबाई मात्र उतरत चालली. सकाळची भाकर टोपलीत तशीच पडून राही. दुपारनंतर चुलीपुढं बसणं तिनं सोडलं, आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसून ती दुपारची वाट पाही. बोलताना तिचं लक्ष दुसरीकडे असे, जसं कोणी दाराबाहेर उभं आहे आणि आपण घरातल्याशी उगाच वेळ काढतो आहोत. शेजारची लिलाबाई एकदा तिला बोलवायला आली. ती उंबऱ्यातच थांबली आणि आत न येताच परत गेली. नंतर पुंजाजीला भेटून एवढंच म्हणाली, की तुमच्या घरात दुपारी गार वाटते.

काल संध्याकाळी दुर्गाबाई फार समाधानात होती. तिनं स्वतःहून त्याला सांगितलं, की आता शेवटचीच ओवी उरली.

"उद्या पुरी होईन. ते पुरी झाली का मी मोकळी."

मोकळी म्हणजे काय, हे पुंजाजीनं विचारलं नाही. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी तिचं लक्ष नाही असं पाहून त्यानं रेडिओ उचलला. ती दारात आली. ती ओरडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "आजचा दिवस राह्यू द्या ना, यशोच्या बाबा." तो म्हणाला, दुरुस्त करून आणतो. आणि तिच्याकडे न पाहता स्टेशनच्या वाटेला लागला.

आता मदनसिंग त्याला दोन रस्ते सांगत होता. एक तर नवीन स्पीकर टाकायचा, आतले व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, अजून चांगले आहेत, मग रेडिओ आणखी कितीतरी वर्षं वाजेल. नाहीतर जुना इथंच द्यायचा आणि नवा ट्रान्झिस्टर घेऊन जायचा, सेलवर चालणारा, वीज गेली तरी बंद न पडणारा. त्यानं ट्रान्झिस्टर लावूनही दाखवला. नागपूरचा माणूस खणखणीत बोलला, जसा दुकानातच बसला होता.

पुंजाजीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं.

"इस्पीकर बसवला," तो सावकाश म्हणाला, "तर आतमंदी जे हाये ते सारं आयकू येईन?"

"सारं," मदनसिंग हसून म्हणाला. "बारीकातलं बारीक."

 लोकांनी त्या दिवशी अंगणात बसून जे ऐकलं, ज्याच्याबद्दल ते भेटले की अजून बोलत, ते त्याच्या लेकीचं गाणं त्याला बसल्या जागी ऐकता आलं असतं. एकदाच. शेवटची ओवी का होईना. इथं दुर्गाबाई नव्हती, म्हणजे तिला काही होण्याचं कारण नव्हतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आणि लगेच हेही आलं, की गाणं ऐकल्यावर हा रेडिओ आपल्याच्यानं सोडवणार नाही. आपण तो परत घरी नेऊ.

मदनसिंगनं खोक्यातून एक स्पीकर काढून हातात घेतला होता. तो बसवण्याआधी व्हॉल्व्ह तपासावे म्हणून त्यानं रेडिओची विजेची वायर जोडून बटण फिरवलं. काचेमागं पिवळा दिवा हळूहळू उजळला. आतल्या काचेच्या नळ्या लालसर झाल्या. गुणगुण सुरू झाली. ट्रान्झिस्टर बंद होता, बोळीत कोणी नव्हतं.

आणि श्वास आला.

मदनसिंगचा हात तसाच थांबला. त्यानं मागं वळून पडदा बाजूला केला. तिथं भिंत होती. मग त्यानं पुंजाजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुमी काही म्हनलं का, काका?"

"नाही."

 गुणगुण चालूच होती. मदनसिंगच्या तोंडावरचं हसू कधीच गेलं होतं. तो वयानं लहान असला तरी समजदार होता.  हातातला स्पीकर किंचित पुढं करून तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी सांगान तसं करतो. लावू का?"

पुंजाजीनं डोळे मिटले. सकाळी दारात उभी असलेली दुर्गाबाई त्याला दिसली, तिच्या गळ्याच्या वर आलेल्या दोन शिरा दिसल्या.

"नको," तो म्हणाला. "खोल त्याले. सारं येगळं कर. मी इथं हाये तोवरच कर."

मदनसिंगनं वायर काढली. व्हॉल्व्ह गरम होते, म्हणून फडक्यात धरून त्यानं ते एकेक उपसले. मग तारा कापल्या, काच काढली, काटा काढला. पुंजाजी शेवटपर्यंत समोर बसून होता. मयताला आंघोळ घालताना घरची माणसं जशी बसतात, तसा. मोकळं लाकडी खोकं उरलं तेव्हा तो उठला. ट्रान्झिस्टर त्यानं काखेत मारला, लुगड्याची घडी केली आणि निघाला.

जऊळक्याला उतरला तेव्हा उन्हं कलली होती. तो घरापाशी आला. दार लोटलेलं होतं. आत धूर दिसला आणि तो उंबऱ्यातच थांबला, कारण या घरात कित्येक दिवस चूल दुपारनंतर पेटलीच नव्हती.

दुर्गाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण ते आता घरातच होते, दुसरीकडे कुठं नव्हते.

"हातपाय धुवा," ती म्हणाली. "भूक लागली मले. तुमची वाट पाहून राह्यली होती."

तो खाली बसला. ट्रान्झिस्टर भुईवर ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. भाकर तव्यावर टाकता टाकता तीच सांगू लागली. दुपारी ती उगाच बसली होती, रेडिओच्या रिकाम्या फळीकडे तोंड करून. तुमचा राग आला होता, असंही ती म्हणाली. मग गाणं सुरू झालं.

"कोठून?" पुंजाजीनं विचारलं. "रेडिओ तर मी नेलता."

"दारातून. उभ्यानंच गायली. शेवटची ओवी पुरी केली अन गेली. मी मंग दार लोटून घेतलं."

पुंजाजीनं पाण्याचा तांब्या हातात घेतला होता, तो त्यानं तसाच खाली ठेवला. वाशीमच्या दुकानात त्याच वेळी मदनसिंग रेडिओच्या तारा कापत होता, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"कशी हाये ते ओवी?" त्यानं विचारलं. "म्हन ना. मले सांग."

दुर्गाबाईनं पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि ती आठवू लागली. तिचे ओठ एकदोनदा हलले. तिच्या आईची ओवी, लहानपणापासून जात्यावर म्हटलेली. तिनं मान हलवली.

"आता नाही आठवत," ती म्हणाली. "एकबी नाही."

दुर्गाबाई हळूहळू माणसांत आली. पावसाळ्यात ती लिलाबाईबरोबर शेतात निंदायलाही जाऊ लागली. सुटीत शेषराव आला तेव्हा आईची तब्येत पाहून म्हणाला, बघा, नवा घेतला ते बरंच झालं. पुंजाजीनं होकार दिला.

पुढच्या चैत्रात ऊन तसंच तापलं. गावात दुपारी सारी घरं दारं लावून घेत, झळा आत येऊ नयेत म्हणून. दुर्गाबाई कामावर गेलेली असे. पुंजाजी तेवढा ट्रान्झिस्टर बंद करून, दार सताड उघडं टाकून समोर बसे. ऊन उंबऱ्यावरून आत येऊन त्याच्या पायांवर पडे, तरी तो हलत नसे. जाणाऱ्या-येणाऱ्यानं विचारलं, काका, एवढ्या उन्हात दार काहून उघडं, तर तो म्हणे, वारा येते.