मातीत भाजलेला सुरण

"पुन्हा म्हणून दाखव," अप्पुकुट्टन मास्तर म्हणाले.

तंकमनं हाताला खोबरेल चोळलं, सुरणाचा गड्डा ओट्यावर आडवा धरला आणि उभ्याउभ्याच त्याच्या सालीत सुरी घातली.

"शौचाला त्रास होतो. आग होते. मधूनमधून रक्त पडतं," ती सुरणालाच सांगावं तसं म्हणाली. "तूळ महिन्यापासून."

"आणि बसता येत नाही, ते राहिलं."

"ते सांगावं लागत नाही. दिसतं."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी बदलली. तेही उभेच होते. तूळ महिना लागल्यापासून, म्हणजे गेले दोनेक महिने, ते पेपर दाराच्या चौकटीला टेकून वाचत, चहा अंगणात फेऱ्या मारत पीत आणि रात्री कुशीवर निजत. दुखणं त्यांचं होतं. वैद्यांकडे मात्र तंकम जाणार होती, स्वतःच्या नावानं, आणि मिळेल ते औषध मास्तर घेणार होते. युक्ती त्यांचीच. तंकम ती ऐकून "बरं" म्हणाली होती. लग्न झाल्यापासून मास्तरांच्या बहुतेक युक्त्यांना ती "बरं"च म्हणत आली होती.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, असं आपल्यात म्हणतात. मास्तरांचा जावई दुबईत हिशेब लिहायचा, त्याच्याकडून धोका नव्हता. पण गावातले एकुलते एक वैद्य, शूलपाणी वारियर, हे त्यांचे बुद्धिबळाचे जोडीदार होते. एक वेळ तेही चाललं असतं. खरी गोम पुढेच होती. गाव त्यांना सुरण मास्तर म्हणायचा.

मास्तरांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते दरवर्षी धनू महिन्यात, तिरुवातिरेच्या सणाआधीच्या रविवारी, वाचनालयात कंदमुळांवर बोलत. अळकुडी, कोनफळ, रताळं यांना थोडा थोडा वेळ मिळे, बाकी सगळा सुरणाला. सुरण भूक वाढवतो, कफ आणि वात आवरतो, पोट हलकं ठेवतो. त्याचं संस्कृत नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा काळ! मग मास्तर हात वर करून शेवटचं वाक्य टाकत, "ज्या घरात सुरण शिजतो, त्या घराचा उंबरा ही व्याधी ओलांडत नाही!" लोक टाळ्या वाजवत. मास्तरांच्या घरातही सुरण वरचेवर शिजे. पण त्यांचा घसा खाजे, म्हणून ते फोडी हळूच ताटाच्या कडेला सारत आणि त्या तंकमच्या ताटात जात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे त्यांना कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं इतकंच.

यंदाचा तो रविवार तोंडावर आला होता. व्यासपीठावर खुर्ची असते, आणि अध्यक्षांचं बोलणं संपेपर्यंत त्या खुर्चीत बसावं लागतं.

वैद्यांच्या ओसरीवर गर्दी फारशी नव्हती. शेजारची पारुक्कुट्टी नातवाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. वाचनालयाचा चिटणीस वर्की गुडघ्याला लेप लावून पाय लांब करून बसला होता. पारुक्कुट्टीनं सरकून जागा केली.

"ये गं चेची, टेक," ती थोरल्या बहिणीला बोलवावं तसं म्हणाली.

"असू दे गं," म्हणून तंकम खांबाला टेकून उभी राहिली.

"तिला बसायला मुहूर्त लागतो," मास्तर म्हणाले. "आज पंचांग आणायचं राहिलं."

हा विनोद जुना होता. मुलीच्या साखरपुड्यात तो सांगून झाला होता, मुलाच्या, उण्णीच्या, घरभरणीतही. तेव्हाही लोक हसले होते, आताही हसले. तंकमही हसली.

"आणि तुम्ही हो मास्तर? तुम्ही का ताटकळताय?" वर्कीनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? बसून बसून कंटाळतो माणूस."

एवढ्यात आतून हाक आली. शूलपाणी वारियरांना नाडी बोटांनी नीट ऐकू येई, पण कानांनी काही म्हणता काही ऐकू येत नसे. त्यामुळे ते ओरडून विचारत आणि रोग्यालाही ओरडून सांगावं लागे. त्यांची खोली आणि ओसरी यांच्यामध्ये कमरेएवढं अर्धं दार होतं. मास्तरांनी युक्ती काढताना वैद्यांचे कान विचारात घेतले नव्हते, किंवा घेतले असतील तर ओरडायचं तंकमला आहे, आपल्याला नाही, असं म्हटलं असेल.

तंकमनं पाठ केलेलं सांगितलं. मग तेच मोठ्यानं सांगितलं.

"रक्त पडतं?" वैद्यांचा आवाज अंगणातल्या फणसापर्यंत गेला. "मूळव्याध आहे ही!"

पारुक्कुट्टीनं वर्कीकडे पाहिलं.

"अगं बाई, सुरण मास्तरांच्या घरात?" ती पुटपुटली. पण तिचं पुटपुटणंही ओसरीभर ऐकू आलं.

मास्तर छपराच्या कौलांकडे पाहत राहिले. लाज वाटली त्यांना, नाही असं नाही. पण बायकोच्या नावावर गेलेली लाज निम्मीच लागते. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील, असं त्यांनी मनाशी धरलं.

"कधीपासून आहे?" वैद्यांनी विचारलं.

"उण्णीच्या बाळंतपणापासून."

मास्तर चमकले. तूळ महिना पढवला होता, ही भलतंच काय सांगतेय? उण्णीला आता टक्कल पडायला लागलं होतं.

"काय? मोठ्यानं बोल!"

"बाळंतपणापासून! उण्णीच्या!" तंकम ओरडली.

ओरडणारी तंकम मास्तरांनी आजवर ऐकली नव्हती. आधी त्यांना वाटलं, ही भूमिकेत फारच शिरली. छान वठवतेय, असंही क्षणभर मनात आलं. मग वैद्य विचारत गेले, ती सांगत गेली, आणि त्यातलं काहीच मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं.

"बसता येतं का?"

"भिंतीला धरून, डावीकडे भार टाकून येतं. कामं उभ्यानंच करते. म्हणजे कुणाच्या ध्यानात येत नाही."

"जेवतेस का पोटभर?"

"बेतानं. पोटभर जेवलं की दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते."

"शेक घेतेस?"

"सगळे देवळात गेले की न्हाणीघरात. मिठाच्या पाण्याचा."

"एवढी वर्षं! आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस?"

ओसरीवर पारुक्कुट्टीचा नातू रडायला लागला, तिनं त्याला थोपटलं.

"ते भाषण देतात ना," तंकम म्हणाली. वैद्यांनी कानामागे हात धरला असावा, कारण पुढचं ती पुन्हा मोठ्यानं बोलली. "सुरण शिजतो त्या घरात हे येत नाही, असं सांगतात. लोक टाळ्या वाजवतात. त्यांच्याच घरात आहे म्हटल्यावर त्यांनी काय करायचं?"

ओसरीवर कुणी हसलं नाही. वर्की आपल्या गुडघ्यावरच्या लेपाकडे पाहत राहिला.

मास्तरांना लाज वाटली. मघाची ती निम्मी लाज नव्हे. जिला हे दुखणं अंगभर ठाऊक होतं, तिला सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी ते पढवलं होतं. चुकलीस, पुन्हा म्हण, असं म्हटलं होतं. आणि ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणत राहिली होती. हसण्याचं सोंग करावं म्हटलं, तर तेही जमेना.

"मास्तर! आत या!"

ते आत गेले. तंकम भिंतीशी उभी होती, तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. वैद्यांनी चूर्णाची पुडी बांधली आणि ते शिकवल्यासारखं सांगायला लागले. सुरणाला ओल्या मातीचा जाड लेप द्यायचा. निखाऱ्यांत माती लाल होईपर्यंत भाजायचा. आतला गर तेल-सैंधव घालून खायचा, वर ताक. तिखट बंद. चूर्ण रोज सकाळी ताकातून.

"सुरणावर एवढं बोलता," वैद्य म्हणाले, "आणि घरातलं माणूस कसं बसतं ते दिसलं नाही होय तुम्हाला?"

मास्तरांनी पुडी हातात घेतली. लहानशी होती. ही घरी गेली की सगळी आपल्याच पोटात जाणार, हे त्यांना पक्कं कळत होतं. तंकम ती रोज सकाळी न चुकता ताकात कालवून आणून देईल आणि स्वतः चव म्हणूनही घेणार नाही. ठरलंच होतं तसं. ती ठरलेलं मोडणारी नव्हती.

"दोघांपुरतं द्या," ते म्हणाले.

"काय?"

"दोघांचं द्या म्हणतो."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं!"

मास्तरांनी अर्ध्या दाराकडे पाहिलं. दाराच्या वर पारुक्कुट्टीचा अंबाडा दिसत होता, आणि तो अजिबात हलत नव्हता.

"दोघांचं!" मास्तर ओरडले. वर्गातसुद्धा ते इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "मलाही आहे! मूळव्याध मलाही आहे! मीच तिला पाठवलं होतं!"

वैद्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरी पुडी बांधायला घेतली.

दोघं ओसरीवरून जाताना वर्कीनं उगाच घसा खाकरला. "मास्तर, ते रविवारचं..."

"दुसरा कुणी बघा," मास्तर म्हणाले. "मी सुरण खात नाही. घसा खाजतो माझा."

नदीकाठच्या वाटेनं दोघं मागेपुढे चालत राहिली. नेहमीप्रमाणे तंकम मागे होती. केळीच्या बागेपाशी मास्तर थांबले आणि ती बरोबरीला येईपर्यंत थांबूनच राहिले.

"ओरडायची काय गरज होती?" तंकम रागानं म्हणाली.

"त्यांना ऐकू येत नाही."

"सगळ्या गावाला आलं! मी एवढं झाकलं त्याचं काय?"

मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी मागितली. तिनं दिली नाही.

घरी तिरुवातिरेसाठी आणून ठेवलेले कंद होते. त्या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास करतात आणि निखाऱ्यांत भाजलेले कंद खातात. त्यातला सुरण तिनं काढला आणि परसात माती कालवायला घेतली.

"व्रताचा आहे ना तो?" मास्तरांनी विचारलं.

"व्रत तरी कुणासाठी असतं?" ती म्हणाली आणि मातीचा लेप थापायला लागली.

दुपारी तिनं मातीचं कवच फोडलं. आतून वाफ आली. गर तिनं केळीच्या पानावर काढला, तेल-मीठ लावलं आणि पान मास्तरांपुढे ठेवलं. सगळाच्या सगळा. सालीला लागलेलं खरवडून तेही वाढलं.

मास्तरांनी दुसरं पान ओढलं. हातानंच निम्मा गर त्यावर केला आणि ते पान समोर ठेवलं.

"बस."

"मी मागाहून घेते. तुम्ही गरम गरम..."

"मागाहून नाही, तंकम. बस."

तिनं पदराला हात पुसले. मग भिंतीला डावा तळवा टेकला, एक गुडघा वाकवला, थोडी थांबली, आणि सगळा भार डाव्या अंगावर घेत सावकाश खाली टेकली. टेकल्यावर तिनं डोळे क्षणभर मिटले.

तूळ महिन्यापासून मास्तर जेवायला अगदी असेच बसत होते. तळवा, गुडघा, थांबणं, डावं अंग. बसण्याची ही रीत आपणच शोधून काढली, असं त्यांना वाटत होतं. याच जमिनीवर, याच भिंतीशी त्यांनी ती रोज दोन वेळा पाहिली होती. तिलाच ते मुहूर्त म्हणत आले होते.

त्यांनी घास तोंडात घातला. मऊ होता, किंचित गोडसर. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीनं पुसले.

तंकमनं वर पाहिलं.

"घसा खाजतोय का हो?"

"हो," मास्तर म्हणाले. "थोडा."

तिनंही एक घास खाल्ला, चावून पाहिला. मातीत नीट भाजलेला सुरण खाजत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं ताकाची वाटी तेवढी त्यांच्याकडे सरकवली.