धागा कुणी सोडायचा?

मित्रांनो, धारच्या एका रुग्णालयात तातडीच्या कक्षाच्या दाराशी जी लाल ट्रॉली उभी असते, ती मी. आता वय झालं आहे. एक चाक कुरकुरतं, रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण कुणाचा श्वास अडला की सगळे अजूनही आधी माझ्याकडेच धावतात. त्यामुळे मला निवांतपणे म्हातारंही होता येत नाही.

माझा जन्म देवासच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, पाच कप्पे बसवले आणि टेम्पोत घालून मला इकडे आणलं. वरच्या कप्प्यात जीव वाचवणारी इंजेक्शनं, दुसऱ्यात कात्री, पट्ट्या आणि नळ्या. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. नवे डॉक्टर आले की आधी माझे कप्पे उघडून दाखवत. मग हळूहळू माझी सवय झाली. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवी, कुणी जेवणाचा डबा. मला राग येई, पण सांगणार कुणाला?

एका बाईंनी मात्र माझा मान राखला. त्या कक्षाच्या मुख्य परिचारिका, भवानीबाई. त्यांचं घराणं जुन्या दरबारातलं. खंडेनवमीला घरी तलवारीची पूजा होई. इथे तलवार कुठली? "आपली हत्यारं हीच," म्हणत त्या मला हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि पूजेच्या लाल-पिवळ्या धाग्याचे सात वेढे कप्प्यांवरून माझ्या अंगाभोवती द्यायच्या. दुसऱ्या सकाळी अक्षता टाकून तो सोडायचा, अशी रीत. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडायचं. वर्षातून एकदा तरी कुणीतरी माझ्याकडे नीट बघे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी तो धागा सुटलाच नाही. भवानीबाईंना वाटलं, अक्षता टाकल्या आहेत, आता मालनबाई सोडतील. मालनबाई म्हणजे आमच्या कक्षाच्या आया. त्यांना वाटलं, पूजा सिस्टरांची, आपण हात कसा लावायचा? डॉक्टर अंशुल माझ्या शेजारून दोनदा गेले. त्यांना ती सजावट वाटली. मालनबाई एकदा विचारायला गेल्या खऱ्या, पण भवानीबाई डॉक्टरांशी बोलत होत्या. मोठ्यांच्या बोलण्यात मधे तोंड घालायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पदर सावरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. माझा जीव टांगणीला लागला होता.

दहाच्या सुमारास शालिग्राम नावाच्या एका माणसाला आणलं. दसऱ्याच्या सोन्यासाठी आपट्याची फांदी तोडताना मधमाश्यांचं मोहोळ उठलं होतं. ओठ सुजलेले, घसा आवळत चाललेला. त्याची बायको गुड्डी माझ्या दांडीला धरूनच उभी होती. तिचा हात थंडगार पडला होता.

"ॲड्रेनलिन! जल्दी!" डॉक्टर ओरडले.

त्या इंजेक्शनसाठी भवानीबाईंनी वरचा कप्पा ओढला. हलेना. पुन्हा ओढला.

"अरे, कात्री द्या ना कुणी!"

"कात्री याच्यातच आहे, सिस्टर!"

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या अंगावरच्या त्या घट्ट वेढ्यांची लाज वाटली. चौघं माझ्याभोवती धडपडत होते, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता आणि शालिग्रामचा श्वास शिटीसारखा वाजत होता. शेवटी मालनबाई खाली बसल्या आणि त्यांनी दातांनी एकेक वेढा तोडला. घड्याळात जेमतेम दीड मिनिट गेलं. मला ते फार लांब वाटलं. शालिग्राम वाचला, पण तीन दिवस श्वासाच्या नळीवर होता. त्या दीड मिनिटाबद्दल मात्र पुढे कुणीच कुणाशी बोललं नाही.

हिवाळ्यात कृतिका नावाची मुलगी आली. तातडीच्या उपचारात माणसं एकमेकांच्या साथीनं नीट काम कशी करतील, यावर तिच्या संस्थेला संशोधन करायचं होतं. "प्रश्न शेकडो आहेत," ती म्हणाली, "पहिल्यांदा कोणता तपासायचा, ते तुम्ही सांगा." सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. डॉक्टरांनी पाळी बदलताना माहिती कशी द्यावी, असं काहीसं लिहिलं. भवानीबाईंनी माणसं कमी पडतात, ते लिहिलं. मालनबाई फरशी पुसत होत्या. त्यांच्या हाती चिठ्ठी आलीच नाही, आणि मी पुन्हा धास्तावले.

कृतिकाच त्यांच्याजवळ गेली. "मावशी, तुमचं काय?"

मालनबाईंनी फडकं पिळलं. "मी सवेरेच देखलं होतं, बेटा. धागा बांधलेलाच होता. पण सिस्टर साहेबांशी बात करत होत्या. आमच्यासारखीनं बोलायचं कसं, आणि बोललं तर कोणी ऐकतं का?"

भवानीबाईंनी मान खाली घातली.

"सच सांगू, मावशी?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बोलला असतात, तरी मी ऐकलं असतं असं मला नाही वाटत."

त्यांनी आपली चिठ्ठी फाडली आणि नव्या चिठ्ठीवर मालनबाईंचा प्रश्न लिहिला. मतं घेतली तेव्हा तोच पहिला आला.

संशोधनाला अजून दोन वर्षं लागतील म्हणे. तोवर मी दाराशीच उभी आहे, आणि काळजी काही सुटत नाही. कालच एका आजींना आणलं. सगळे त्यांच्यावर वाकलेले. मागून मालनबाई म्हणाल्या, "साहेब, सिलिंडर खतम होतोय." कुणी वळून बघितलं नाही. पण या वेळी त्या परत फिरल्या नाहीत. डॉक्टरांचा कोट ओढून त्या पुन्हा मोठ्यानं बोलल्या, तेव्हा ते वळले.

मित्रांनो, मला तेल द्या, रंग द्या, नाहीतर भंगारात घाला. पण कुणी घाबरत घाबरत काही सांगायला आलं, तर त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावू नका.