कप्तानाची पट्टी

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही, साहेब!"

कपडेपटाच्या मावशींनी निर्मात्याला थिएटरच्या दारातच अडवलं. चाचणीचा खेळ सुरू व्हायचा होता.

"कप्तानाची पट्टी रोज उजव्या डोळ्यावर मीच बांधायची. मारामारीत ती डाव्यावर गेली, तेव्हा तुमचे कॅमेरेवाले झोपले होते का?"

"लोकांनी नावं ठेवली, तर मारामारी कापणार," साहेब फोनमध्ये बघत म्हणाले. "आणि पुढच्या पिक्चरला दुसरी बाई बघणार."

मोठ्यांची चूक नेहमी लहानांच्याच घरी मुक्कामाला येते. मावशी पिशवी पोटाशी धरून शेवटच्या रांगेत बसल्या.

पिक्चर तसा डुगडुगताच. समुद्र कापडाचा, डोलकाठी वाऱ्याशिवाय हलायची, आणि खजिना कुठे पुरलाय हे लेखकालाही ठाऊक नसावं. पण चाच्यांची ती टोळी! आवाजाला दचकणारा तोफवाला, बोट लागणारा सुकाणूवाला, सगळ्यांना दमात घेणारी आचारीण. एकाचा हशा संपतो न संपतो तोच दुसरा उभा.

तलवारी भिडल्या. पट्टी डाव्या डोळ्यावर आली. मावशींनी श्वास रोखला.

"अरे, डोळा बदलला!" पुढून कुणीतरी ओरडलं.

मग असा हशा उसळला की पडद्यावरचं बोलणंच बुडालं. पट्टी परत उजवीकडे गेली, तर शिट्ट्या. साहेबही पोट धरून हसत होते. मावशींचा जीव भांड्यात पडला.

"काही कापायचं नाही!" बाहेर आल्यावर साहेब सगळ्यांना सांगत सुटले, जणू कल्पना त्यांचीच. "मावशी, पुढच्यालाही तुम्हीच."

कप्तान झालेला नट कोपऱ्यात एकटाच उभा होता. मावशींनी त्याच्या डाव्या बाजूनं चहाचा कप पुढे केला. तो समोरच बघत राहिला.

"धर की रे."

तो दचकून अख्खा वळला. कप धरताना चहा सांडला. मावशींची नजर त्याच्या डाव्या डोळ्यावर थांबली.

"तूच फिरवत होतास होय रे पट्टी?"

"उजवा झाकला की अंधारच, मावशी. नुसतं बोलायचं असलं की निभायचं. तलवारी अंगावर आल्यावर काय करू?" त्यानं मान खाली घातली. "कळलं असतं तर काम गेलं असतं. तुमच्यावर शेकेल असं वाटलं नव्हतं." मग लांब श्वास सोडला. "सुटलो बघा, कुणाला तरी सांगून."

मावशींनी रुमालानं त्याचा ओला हात पुसला, जरा जोरातच.

"माझं राहू दे. उद्या डॉक्टरकडे येतोयस, की तुझ्या बायकोला फोन लावू? बोल!"